पाच मार्कांचा प्रश्न

तांडापेठेत, कूलर दुरुस्तीच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत निनावे सरांचा क्लास.
(निनावे हे आडनाव आहे, श्लेष नव्हे,
हे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे.)
बारावीला इंग्रजीत गचकलेले आम्ही अकरा जण
आणि फी न भरता बसलेला मे महिना.

सर फळ्यावर लिहायचे: सिमिली, मेटाफर,
पर्सॉनिफिकेशन. खडू झटकून म्हणायचे,
ओळखा आणि समजावून सांगा. पाच मार्क. फुकटचे.
फुकटचं आम्हाला कधी काही मिळालं नव्हतं.
गाईडातली उदाहरणं सगळी थंड देशातली,
बर्फासारखे शुभ्र दात,
उन्हासारखं प्रेमळ हसू.

उन्हासारखं प्रेमळ!
खाली दुकानात कोणी पंपाला शिव्या घालत होतं,
सकाळच्या पेपरात शेचाळीस पूर्णांक दोन.
मी हात वर केला:
सर, ही आयरनी आहे का?

सर पहिल्यांदा हसले.
म्हणाले, गाईड ठेवा घरी.
घरी जे बोलतात ते वहीत उतरवून आणा.

आमच्या घरी आई बोलायची.
कांड्या भरताना, भांडी घासताना,
थोडंसं झोपेतही.
मी दाराआड वही घेऊन, चोरासारखी.
ही सिमिली.

"ऊन पाह्य व, कुत्र्यावानी भित चाटून राह्यलं."
"तुहा मामा म्हंजे कूलर. आवाज लय, हवा नाई."
"चार तोंडं या घरात, अन् हात दोनच."
"नाग नदी म्हनतेत बाप्पा! नाव पाहा अन् वास पाहा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली
तेव्हा वही संपत आली होती.
गर्दीत माझ्या खांद्यावर हात रोवून, टाचा उचलून
आई त्या पिवळ्या मूर्तीशी शेजारणीशी बोलावं तशी बोलली,
"गुडघे ने व माय, किराण्याची उधारी ने,
अन् हे इंग्रजी बी ने पोरीच्या मागचं."

सरांनी तांबड्या पेनाने एकेक ओळीला नाव दिलं.
चार तोंडं, दोन हात, तिथे सिनेक्डकी;
फळ्यावर लिहिताना त्यांचंच स्पेलिंग दोनदा चुकलं.
मी घरी जाऊन आईला सगळं वाचून दाखवलं.
ती कांडी हातात धरून थांबली.
"मेटाफर? मले वाटे मी भांडून राह्यली."

बाबा बोलायचे नाहीत.
त्यांच्या नावाचं पान कोरं होतं.
माग विकून दोन वर्षं झाली होती,
भंगारवाल्याने लाकूड वेगळं तोललं, लोखंड वेगळं.
त्या रात्री दिवे गेले म्हणून मी जागी होते.
बाबांचा उजवा पाय झोपेत हलत होता.
खाली, वर. खाली, वर.
खाट त्या ठेक्यात करकरत होती.
मग पाय एकदम थांबला
आणि हात अंधारात वर गेला,
तुटलेला धागा शोधल्यासारखा.
मी तेवढंच लिहिलं. त्यांचं बोलणं म्हणून.

सर, याला काय म्हणतात?

सरांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं.
पोरं खिडकीतून बकऱ्या मोजत होती.
मग टेबलाखाली, आपल्याच चपलेकडे
त्यांनी एकदा पाहिलं.
सर कोष्ट्याचे आहेत, हे मला तेव्हा आठवलं.
म्हणाले, हे पेपरात येत नाही. पुढचं घे.

ऑक्टोबरात पाचपैकी साडेतीन मिळाले.
आता मीच शिकवते, हिंगण्याला, आठवी ते दहावी,
आणि फुकटचे मार्क असं कधी म्हणत नाही.

ती वही अजून आहे.
प्रत्येक ओळीपुढे तांबड्या अक्षरात नाव.
त्या एका ओळीपुढे फक्त एक ठिपका,
लिहायला टेकवलेलं
आणि उचललेलं पेन.